आत्याने न लावलेले दिवे

घरात दिवा लागलेला आहे हे माझ्या आत्याला जिन्याच्या पहिल्या वळणावरूनच कळत असे. कसं कळायचं ते मला कधी समजलं नाही. आम्ही मुलुंडला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. बाजाराच्या पिशव्या घेऊन चढताना ती खालूनच ओरडायची, "कोण आंधळं झालंय रे घरात?" ते सगळ्या मजल्यांना ऐकू जायचं. मी धडपडत उठून बटण बंद करायचो. शेजारची मुलं तिला मेन स्विच म्हणायची. तिला ते माहीत होतं, आणि त्याचा तिला थोडा अभिमानही असावा.

आत्या जाऊन आता वर्ष होत आलं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात, पण नुसतं तसं लिहिलं तर ती आत्या होणार नाही. तिच्याकडे राहत असताना बराच काळ मला तिचा रागच येत होता. संपानंतर माझे वडील गिरणी सोडून गावी परतले होते. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि मुंबईत राहायचं तर आत्याच्या घराशिवाय दुसरी जागा नव्हती. हे तिला ठाऊक होतं, आणि ती मला ते विसरू देत नसे.

अक्षर दिसेनासं होईपर्यंत दिवा लावायचा नाही, असा तिचा नियम होता. त्यामुळे माझा अभ्यास सकाळी मागच्या गॅलरीत, दुपारी जिन्यातल्या जाळीपाशी आणि संध्याकाळी गच्चीवर चालायचा. "उजेड काय तुझ्याकडे चालत येणार? तू जा त्याच्याकडे," असं ती म्हणायची. मी चटई आणि पुस्तकं घेऊन उन्हामागे हिंडायचो. जिन्यात बसलो की येणारे-जाणारे माझ्या वहीवरून पाय टाकून जायचे. एकदा धीर करून मी म्हणालो, "आत्या, बाकीच्या मुलांकडे टेबललॅम्प आहे."

"बाकीच्यांकडे अक्कलपण आहे. ती मागून आण आधी."

भाताला चांगली उकळी आली की ती गॅस बंद करायची आणि पातेलं गोधडीत गुंडाळून खाटेच्या कोपऱ्यात ठेवायची. भात पुढे त्या उबेतच शिजायचा. तिचा मुलगा सुधीरदादा एका कचेरीत नोकरीला होता. त्याचा एक मित्र एकदा घरी आला आणि ते गाठोडं उशी समजून त्याला टेकला. टेकला तसा पाठ चोळत उठला.

"ह्यात काय आहे, मावशी?"

"भात आहे. आमटी नव्हती हे नशीब समज."

कॉलेजात एकदा सरांनी सांगितलं की कोळसा, रॉकेल हे सगळं एक दिवस संपणार आहे, आणि ते जपून वापरणं प्रत्येक घराचं काम आहे. मी अगदी भारावून घरी आलो. आत्या मेथी निवडत होती. "आत्या, तू करतेस ते देशासाठी फार मोठं काम आहे," मी म्हणालो.

"देशाने मला विचारलंय कधी?" ती म्हणाली. "फुकट काही जळत असलं की मला बघवत नाही, एवढंच. आणि ती चप्पल आधी बाहेर काढ."

सुधीरदादाचं लग्न ठरण्याच्या बेतात होतं तेव्हा त्याने फ्रीज आणला. आत्याने तो घरात येऊ दिला, पण वायर लावू दिली नाही. दुसऱ्या दिवशी दादाने दार उघडलं तर आत सुक्या मिरच्या, पापडांचा डबा आणि कुळीथ नीट रचून ठेवलेले.

"आई, लोक हसतील."

"हसू देत. कपाट बरं आहे. उंदीर शिरत नाही."

"घरात बर्फ नको का?"

"कशाला? मेलंय का कोणी?"

मुलीकडची माणसं येणार होती त्या सकाळी दादाने मिरच्या बाहेर काढल्या, बर्फाला पाणी लावलं आणि फ्रीज सुरू केला. पाहुण्यांना आणायला स्टेशनवर जाताना तो मला म्हणाला, "हे बटण बंद झालेलं दिसलं ना, तर तू तुझी सोय दुसरीकडे बघ." दादाही माझ्यावर उलटला असता तर माझी बाजू घेणारं त्या घरात कोणी उरलं नसतं. मी बटणापुढे जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने आत्या आली.

"बाजूला हो."

"नाही, आत्या."

"कोणाच्या घरात उभा आहेस?"

"तुझ्या. पण दादा मला घालवून देईल."

"आणि मी देणार नाही, असं वाटतं तुला?"

मी हललो नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग आत जाऊन पातेली आपटू लागली.

पाहुण्यांना गार सरबत मिळालं. ते पिऊन होईपर्यंत आत्या थांबली. नंतर मुलीच्या आईला म्हणाली, "हे कपाट आजच गार झालंय. आमच्याकडे दिवसा दिवा लावत नाहीत. मुलीला आत्ताच सांगून ठेवा." लग्न मोडलं नाही, पण मुलीच्या आईने वेगळ्या घराची अट घातली. दादाने कांदिवलीला जागा घेतली. मधल्या काळात आत्या माझ्याशी धड बोलत नव्हती. "ए वॉचमन, पाणी भर," एवढंच बोलायची. ती मला कधी गावी धाडेल याचा नेम नव्हता.

लग्नानंतर दादाचं सामान न्यायला टेंपो आला. फ्रीज गेला. गॅस दादाच्या नावावर होता, त्यामुळे सिलिंडरही गेला. दादा मला म्हणाला, "तू पण चल. ट्यूबलाइट आहे, टेबल देतो. इथे राहून डोळे जातील तुझे." परीक्षा जवळ आली होती. मी ट्रंक भरली आणि आत्याला सांगायला स्वयंपाकघरात गेलो.

ती माळ्यावरची भुशाची शेगडी काढून बसली होती. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती लाकडाचा भुसा ठासायचा आणि बाटली हलकेच ओढून काढायची. त्या पोकळीत आग धरते आणि भुसा संपेपर्यंत जळत राहते. एकाने बाटली धरायची आणि दुसऱ्याने ठासायचं, असं ते काम असतं. ती एकटीच करत होती आणि बाटली सारखी कलत होती.

"किती भरू?" माझ्याकडे न बघता तिने विचारलं. "एकटीपुरता की दोघांपुरता? आत्ताच सांग. स्वयंपाक झाल्यावर उगाच जळत राहिलेला मला चालायचा नाही."

खाली टेंपोवाल्याने हॉर्न दिला. मी तिच्यासमोर बसलो आणि बाटली धरली.

"दोघांपुरता," मी म्हणालो.

"मग सरळ धर," आत्या म्हणाली. "आणि उपकार केल्यासारखं तोंड करू नकोस."