दोन बोटांची हवा

ही हकिकत मी आजवर टाळली. नातवंडांनी शाळेच्या आठवणी विचारल्या की विजेच्या यंत्राची गंमत सांगायची आणि शेंडी उभी राहिली तिथे थांबायचे, असे मी वर्षानुवर्षे केले. पुढचे आज लिहितो.

कल्याणच्या शाळेत मी शास्त्र शिकवीत असे. आमच्याकडे विजेचे यंत्र होते: मोठी काचेची चकती, ती फिरवायला मूठ, पुढे पितळी गोळा. खाडीच्या दमट हवेत काच ओलावली की यंत्र चालेना, म्हणून जवळ शेगडी पेटती ठेवावी लागे. अंगण झाडणारा गडी कोळसे आणी. त्याचा विटाळ मानीत. त्याने लोखंडी घमेले पायरीखाली ठेवून मागे सरायचे, मग आम्ही उचलायचे.

बक्षीस समारंभाला शाळेचे चिटणीस आले. त्यांना काचेच्या पायांच्या चौरंगावर उभे करून यंत्राची साखळी हातात दिली. चकती फिरली, त्यांची शेंडी ताठ झाली, मंडळी हसली. इतक्यात शेगडी विझू लागली. प्रयोग फसेल या भीतीने मी गड्याला थेट चौरंगापाशी यायची खूण केली. तो कोळशांचे घमेले घेऊन बिचकत आला. चिटणिसांनी सहज हात खाली सोडला आणि त्यांच्या बोटातून घमेल्याच्या काठावर ठिणगी कडाडली.

ते किंचाळले, शिवला म्हणून.

"नाय रावसाहेब, मी नाय शिवलो."

"मग ठिणगी काय आभाळातून पडली?"

मधे दोन बोटे हवा होती. मी पाहिली होती. हवा विजेला अडवते. पण साठा फार वाढला की तिचा टिकाव लागत नाही आणि ठिणगी तिला फोडून पलीकडे जाते. हेच मी आठवडाभर फळ्यावर शिकवले होते.

चिटणीस माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही समोर होता. शिवला की नाही?"

"शिवला असेल," मी म्हणालो.

त्या 'असेल'ची मला अजून शिसारी येते. त्याला जोड्यांनी मारले, कामावरून काढले. चिटणीस आंघोळ करून आले. यंत्रावर गोमूत्र शिंपडले. चकती आणि पितळी गोळा मी माझ्याच उपरण्याने कोरडे पुसले, पुन्हा मूठ फिरवली आणि टाळ्या घेतल्या. त्या उपरण्याचा दर्प आठवला की आजही घास तोंडात फिरतो.

पुढे काही वर्षांनी तो शीळ गावाच्या रस्त्यावर खडी फोडतो असे कळले, म्हणून मी मुद्दाम तिकडे गेलो. मला पाहताच उठून दहा पावले मागे सरला, मान खाली घालून उभा राहिला. मी त्याला मुंब्र्याची वाट विचारली. ती मला पाठ होती. त्याने हाताने दाखवली आणि मी निघालो. कल्याणपासून तोंडात घोळवत आणलेले वाक्य तसेच राहिले: तू शिवला नव्हतास, तुला मी बोलावले होते, मला क्षमा कर.