बाळाच्या कानात

पुलाचा चढ संपला तशी मावशी कठड्याला टेकून उभी राहिली. दवाखान्यातून घरी दोघी रोज चालतच यायच्या. मावशी प्रसूती वॉर्डात बाळांना न्हाऊ घालणारी आया. सिस्टर तिथलीच नर्स, वयानं लेकीसारखी. वॉर्डात ‘सिस्टर’, पण फाटकाबाहेर पाऊल पडलं की ‘पोरी’. आज अर्धा रस्ता सरला तरी मावशीच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

“बोला की काहीतरी,” सिस्टर म्हणाली.

“बोलल्यानंच तर घात झाला.”

बोलणं कसलं, पुटपुटणं. न्हाऊन झालं की बाळाला टॉवेलात गुंडाळायचं, कानाशी तोंड नेऊन आपल्या देवाचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, सांभाळ रे याला. उभा जन्म ती हे करत आली. कुणी कधी विचारलं नाही, कारण ती नुसती मावशी होती, सगळ्यांची. मग नवे व्यवस्थापक आले, सगळ्यांच्या छातीवर पूर्ण नावाच्या पट्ट्या लागल्या. परवा एका आजीबाईनं ती पट्टी वाचली आणि बाळ हिसकावूनच घेतलं.

“माझ्या नातवाच्या कानात काय फुंकलंस गं?”

अख्खा वॉर्ड बघत राहिला. ज्यांची आधीची लेकरं मावशीनंच न्हाऊ घातली होती, त्यासुद्धा.

“इतकी पोरं माझ्या अंगावर मुतली,” मावशी आता म्हणाली, “एकानं म्हणून धर्म विचारला नाही.”

सिस्टरला हसू फुटलं. सुई टोचताना तीही देवाचं नाव घ्यायची. तिला लोक भाविक म्हणायचे.

“त्या आजीबाईच्या तक्रारीवरून उद्या मेट्रनबाई मला विचारणार आहेत. मी सरळ सांगते, मीही पुटपुटते. काढायचं तर दोघींना काढा.”

“शहाणीच आहेस! तुला काढणार नाहीत, समज देतील. आणि काढलंच, तर तुला दहा दवाखाने उघडे आहेत. मला कोण दारात उभं करेल?” मावशीनं पदरानं मान पुसली. “मला त्यांनी आधीच ऐकवलंय. पुटपुटले नाही असं ठरलं, तर खाली धुलाईला ठेवतील. ठरलं पुटपुटले, तर घरी. बाळं काय, दोन्हीकडून गेलीच.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, नाही पुटपुटले. घरी अंथरुणावर माणूस पडलंय, पोरी. त्याच्या औषधाला चादरींचा पगारही चालतो.”

खालून गाड्या जात होत्या.

“तू खोटं बोलत नाहीस, ठाऊक आहे मला,” मावशी म्हणाली. तिनं सिस्टरचा हात धरला, पण नजर वर केली नाही. “तरी उद्या एवढं बोल. सांग, मावशीच्या तोंडून देवाचं नाव मी कधीच ऐकलं नाही.”