समथरच्या वाटेवरचा सैल तंग

यशवंतरावांची सारी नोकरी कारकुनीत गेली, पण ऐट शिलेदाराची. आपले पूर्वज घोड्यावर बसून झाशीला आले, हे ते दतिया गेटच्या भाजीवाल्यालाही ऐकवत. निवृत्तीनंतर ते एका तबेल्यात घोडेस्वारी शिकवू लागले, आणि शिकवत झकास, यात वाद नाही.

त्यांच्या घराण्याचा एक नेम होता. खोगिराचा पट्टा, म्हणजे तंग, आवळताना घोडं लबाडीनं पोट फुगवतं. मैलभर चाललं की श्वास सोडतं आणि तंग सैल पडतो. म्हणून लांबच्या रपेटीत पहिल्या थांब्यावर वडीलधाऱ्यानं उतरून प्रत्येकाचा तंग स्वतःच्या हातानं पुन्हा कसायचा.

गेल्या थंडीत समथरच्या वाटेवर यशवंतराव, त्यांचे शिष्य आणि घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार हरप्रसाद असे सहा जण चहाला थांबले. तिथे कुणीतरी मोबाइल रोखून घराण्याची हकिगत विचारली. झालं, यशवंतराव खुलले. हकिगत संपेतो ऊन चढलं, आणि एकाही तंगाला हात न लावता ते "चला" म्हणाले. पुढच्या वळणावर शर्वरीचं खोगीर फिरलं. कॉलेजातली पोर, खांद्यावर आपटली आणि हाड मोडलं.

तिचे वडील सुबोध यांनी विचारलं, तंग बांधला कुणी? यशवंतराव म्हणाले, "हरप्रसादनं." खोटं नव्हतंच, सकाळी खोगिरं त्या मोतद्दारानंच चढवली होती. हरप्रसाद खाली मान घालून उभा राहिला. तबेल्याच्या मालकानं त्याला त्याच दिवशी काढून टाकलं.

त्यानंतर यशवंतरावांना अन्न गोड लागेना. जन्मभर मिरवलेली शिलेदारी एका शब्दात घालवली, याची त्यांना लाज वाटे, आणि वाटायलाच हवी होती. तीन आठवड्यांनी ते टहरौलीला हरप्रसादच्या घरी गेले आणि चूक आपली होती, असं म्हणाले.

"हमने तो तबई देख लओ तो, दादा," हरप्रसाद म्हणाला. "आप बता रए हते, सो टोको नईं." तंग कसायचे राहिले हे त्यानं तेव्हाच पाहिलं होतं, पण दादा हकिगत सांगत होते म्हणून टोकलं नव्हतं. मग त्यानं विचारलं, "सुबोध भैया से कै दई?"

नव्हतं सांगितलं. जो उलटून बोलणार नाही, त्याच्याचपुढे ते आधी आले होते. यशवंतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथून ते थेट सुबोधच्या घरी गेले. दार शर्वरीनंच उघडलं. हात गळ्यात बांधलेला, तरी ती त्यांच्या पाया पडायला वाकली. यशवंतरावांनी पाय मागे घेतले.

"थांब," ते म्हणाले, "बाबांना बोलाव. तू पडलीस ती माझ्यामुळे."