लवकर फुलणारं वाण

लातूरच्या ज्या बियाण्याच्या दुकानात मी वीस वर्षं नोकरी करतो, तिथं गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "किती दिवसांत निघतंय?" सोयाबीन असो, तूर असो, लवकर येणारं वाण सगळ्यांना हवं असतं. मी न बघता सांगू शकतो. त्या वर्षी जूनमध्ये मात्र मीच एक वाण शोधत होतो आणि कुणाला विचारायची सोय नव्हती. मला गांजा लावायचा होता.

माझी अक्का नांदेडला असते. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून माझ्या ताटात काय पडलं याची काळजी तिनंच केली. त्या उन्हाळ्यात तिला कॅन्सर निघाला आणि केमो सुरू झाली. दर एकवीस दिवसांनी सलाईन. त्यानंतरचे आठ दिवस पाणीसुद्धा पोटात ठरायचं नाही. मिरचीच्या ठेच्याशी दोन भाकरी खाणारी बाई ताटाकडे बघून तोंड फिरवायची. दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेला एक माणूस हळूच म्हणाला, "आमच्या आईला गांजानं उतार पडला बघा. घास जाऊ लागला." बास. मी तेवढंच धरून बसलो. डॉक्टरांना विचारायची लाज वाटली.

हिमायतनगरकडचा एक शेतकरी दरसाल आमच्याकडे येतो. त्याच्याशी आडून आडून बोलणं काढलं, तर तो हसला. "आपल्याकडचं झाड तुरीसारखं हाय, मालक. दिवस लहान झाल्याबिगर फुलोराच धरत न्हाई. अन् माणसाच्या डोक्यावर जातंय." म्हणजे दसरा उलटणार. तोवर अक्काची केमो संपत आलेली असणार. आणि भाड्याच्या घराच्या गच्चीवर डोक्याएवढं झाड लपवायचं कुठं?

शेवटी पुण्यातल्या एका वर्गमित्रानं तीन पुड्या पाठवल्या. प्रत्येकीवर पेन्सिलनं दोन ओळी. पहिलं दीड-दोन महिन्यांत फुलणारं, पण उंच. दुसरं लवकर येणारं, पण वास लांबवर जाणारं. तिसरं बुटकं, गुडघ्याएवढं, दिवस लहान-मोठा काही न बघता वय झालं की सगळ्यांआधी फुलणारं. दुकानात बसून मी त्या पुड्या खिशातल्या खिशात चाचपायचो. गिऱ्हाइकाला चारदा विचारतो तसं स्वतःला विचारायचो: जागा किती, पाणी किती, घाई किती? घाईच सगळ्यात मोठी होती. मी बुटकं घेतलं.

रंगाच्या जुन्या बादलीत दोन बिया टाकल्या. एक उगवली. पाण्याच्या टाकीमागं, घरमालकांच्या मोगऱ्याच्या कुंड्यांच्या आडोशाला ती बादली ठेवली आणि माझी झोप, भूक, बसणं सगळं बिघडलं. सकाळी दोनदा वर, दुपारी दुकानातून पळत येऊन एकदा. बायको म्हणायची, "गच्चीवर काय ठेवलंय तुम्ही?" मी म्हणायचो, टाकी गळतीय. खालच्या रस्त्यावर कुणी गाडी लावली तरी मी कठड्यावरून वाकून बघायचो.

एके दिवशी ओळखीचे हवालदार दुकानात आले. गावाकडच्या रानासाठी बियाणं पाहिजे होतं. "लवकर निघणारं द्या. मला रजा मिळत न्हाई." मी पोतं उचललं आणि ते माझ्या हातून सुटलं. त्यांनीच ते उचलून गाडीवर टाकलं आणि म्हणाले, "तब्येत बघा तुमची. घाम किती आलाय."

महिना उलटला आणि फांद्यांच्या बेचक्यात फुलोऱ्याचे पांढरे केस दिसायला लागले. वाण बोलल्याला जागलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी मोगऱ्याची आणखी एक कुंडी बादलीपुढं ओढली.

घरमालकांना आम्ही आप्पा म्हणतो. सत्तरी ओलांडलेले, तेलबियांचा व्यापार मुलांकडं सोपवून आता पूजेत रमलेले. लिंगपूजेसाठी फुलं तोडायला ते रोज सकाळी गच्चीवर येत. त्या सकाळी मी वर गेलो तर ते बादलीपाशी उभे होते.

"हे काय हाय?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि खरं बोललो. अक्काचं सगळं सांगितलं. त्यांनी फुलांची परडी खाली ठेवली.

"तुमच्या अक्काला विचारलं का, पाहिजे का म्हणून?"

"न्हाई."

"डॉक्टरला?"

"न्हाई."

"मग कोणासाठी लावून राहिलात? उपटा. माझ्या घरावर हे न्हाई चालणार. अन् आजच नांदेडला जावा."

मी उपटलं. मुळं मातीसकट हातात आली. दुपारच्या एसटीनं नांदेड गाठलं.

अक्का दाराशी उशीला टेकून बसली होती. सांगितलं तेव्हा ती भडकली. "मी उपाशी हाय म्हणून तू जेलात जाणार? अन् तुझ्या लेकरांनी काय करावं? माझ्या तोंडात काय घालायचं ते मला न विचारता ठरवून राहिला तू!"

मग तिनं पदरानं तोंड पुसलं. आणि म्हणाली, "मी बी डॉक्टरला सांगितलं न्हाई. उलट्या होतात म्हटलं तर औषध बंद करतील, असं वाटलं."

दोन महिने ती तिकडं लपवत होती आणि मी इकडं.

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांपुढं बसलो. मी गांजाचंही बोलून टाकलं. ते चिडले, पण जास्त आमच्या न बोलण्यावर. मळमळीच्या गोळ्या बदलल्या, सलाईनच्या आधी एक इंजेक्शन वाढवलं. म्हणाले, "हे पहिल्याच वेळी करता आलं असतं." पुढच्या केमोनंतर तिसऱ्या दिवशी अक्कानं दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी खाल्ली आणि ती पोटात राहिली. उलट्या पुरत्या थांबल्या नाहीत, पण आठाचे तीन दिवस झाले.

अक्का आता हिंडते-फिरते. दर सहा महिन्यांनी तपासणी असते. त्याआधीचा आठवडा मी दुकानात धड बसत नाही. आत-बाहेर करतो, तिला दिवसातून चारदा फोन लावतो. ती उचलते आणि आधी मलाच दटावते, "जेवलास का? मग ठेव."