अकरावं घर

घरात शिरताना ती चपला दाराकडे तोंड करून काढायची. पाणी विचारलं तर "शेवटी घेते" म्हणायची. पेन्सिलीला टोक ब्लेडनेच करायची. दारू-सिगारेटचा प्रश्न आला की मान वर करायची नाही. कागदाकडे बघूनच विचारायची, म्हणजे समोरच्याला खरं बोलायला जागा राहते. अलीकडे उजवा हात पिशवीखाली ठेवायची. आणि ऑफिसात दूध करपलं तरी तिला वास यायचा नाही.

शेवटच्या दोन गोष्टी मी पाहिल्या होत्या. अर्थ लागला नव्हता.

ऑफिसात सगळे तिला मावशी म्हणायचे. ती आमच्या संशोधन केंद्रात सर्वेक्षक होती. तीनशे चाळीस माणसं, वर्षातून एक फेरी, अशी एकोणीस वर्षं. दर वेळी तेच बावन्न प्रश्न. झोप किती, चालणं किती, मीठ किती, रक्तदाब कधीपासून, हात थरथरतो का, वास पूर्वीइतका येतो का. कोणत्या सवयींच्या माणसाला पुढे मेंदूचा कोणता आजार होतो, हे त्यातून शोधायचं होतं. ती दर घरात "अजून एकच विचारते" म्हणत पाच प्रश्न विचारायची. लोकांनी तिचं नावच 'अजून एकच' ठेवलं होतं.

मी साहित्यात एम.ए. करून तिथे जुने फॉर्म संगणकात भरायला लागलो. "कवितेनं पोट भरेना वाटतं?" पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, आणि आपला डबा माझ्यापुढे सरकवला.

एका दुपारी मी एकाच माणसाचे एकोणीस फॉर्म टेबलावर ओळीनं मांडले. ट्रकवाले आजोबा, आता निवृत्त. सिगारेटी वीस, बारा, शून्य, पुन्हा आठ. पण माझी नजर उत्तरांवरून मावशीच्या अक्षरावर गेली. सुरुवातीला टपोरं, चौकट भरून. चौदाव्या फॉर्मपासून लहान. शेवटच्यात मुंगीएवढं, आणि ओळ संपेपर्यंत त्याहून बारीक. अक्षर असं आक्रसणं ही कंपवाताची खूण असू शकते, हे आमच्याच माहितीपत्रकात छापलेलं होतं.

मी फॉर्म घेऊन तिच्यासमोर गेलो.

"मावशी, तुझं अक्षर…"

"साहित्यवाला ना तू? मजकूर वाच. अक्षर कसलं मोजतोस?"

"डॉक्टरांना दाखव."

"दाखवलंय. दोन वर्षं गोळ्या चालू आहेत." तिनं फॉर्म गोळा केले. "इथल्या मोठ्या डॉक्टरांना कळलं तर मला घरी बसवतील. या म्हाताऱ्यांच्या दारात नवी पोरगी गेली तर ते तिला कशाला खरं सांगतील? विसाव्या फेरीची अकरा घरं राहिलीत. तेवढी होऊ दे, मग मीच सांगते. तोवर तोंडाला कुलूप."

मी कुलूप लावलं.

दहा घरं झाली. अकरावं ट्रकवाल्या आजोबांचं. तिथे सोमवारी सेहेचाळीस प्रश्न झाले आणि हात चालेना. तिनं समासात लिहिलं: उरलेले गुरुवारी.

बुधवारी सकाळी ती स्वतःच्या इमारतीच्या जिन्यावरून पडली. दुपारी गेली.

मी बोललो असतो तर ती घरी बसली असती. "बसली असती तरी जिना तोच होता रे," तिची बहीण मला म्हणाली. मला ते पटत नाही.

शुक्रवारी आजोबांचा फोन आला. "काय रे, अजून एकच कुठंय? काल दिवसभर वाट बघितली. सिगारेटी आठाच्या चार केल्यात, म्हटलं तिला सांगू."

मी सांगितलं.

"दुसऱ्या कुणाला पाठवू नका," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सत्तेचाळिसावा प्रश्न असा: गेल्या वर्षभरात तोल जाऊन पडलात का? त्यापुढची चौकट कोरी आहे. तिथून बावन्नपर्यंत सगळ्या कोऱ्या आहेत.