एकटीचं कुटुंब

मस्तगडच्या आमच्या बुद्धविहारात कुटुंबांची एक जुनी वही आहे. ती कॉम्प्युटरवर आणायचं ठरलं आणि मी घरी बसून एका कंपनीचं डेटाबेसचं काम करते म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. विकतचं काही घ्यायचं नव्हतं. मी आकृती काढायची आणि तिच्यावरून एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या भाषेत, टेबलं बांधून देईल असं एखादं ओपन सोर्स टूल शोधायचं, एवढंच काम.

वहीच्या प्रत्येक पानावर वर प्रमुखाचं नाव, खाली पत्नीचं. मी तसंच काढलं, फक्त पत्नीच्या जागी जोडीदार लिहिलं आणि मोठी सुधारणा केल्यासारखी खूश झाले. कुटुंबाचा एक चौकोन, माणसांचा दुसरा, मध्ये दोन रेघा, एक प्रमुखाची, एक जोडीदाराची; दोन्ही सक्तीच्या, म्हणजे भरल्याशिवाय नोंद होणार नाही अशा.

तीन टूलं उतरवून घेतली. पहिल्याने मराठी नावांची प्रश्नचिन्हं केली, ते लगेच काढून टाकलं. उरलेल्या दोहोंतून एक निवडायला चाचणी म्हणून माझ्याच घराची नोंद भरली. नवऱ्याचं घर सोडून बरीच वर्षं झाली, आणि आई गेल्यापासून या घरात मी एकटीच आहे.

दुसऱ्या टूलच्या टेबलात माझी नोंद मुकाट बसली. तिसऱ्याच्या टेबलाने साफ नकार दिला: जोडीदाराची जागा रिकामी चालणार नाही. इतका राग आला की लॅपटॉप मिटून भांडी घासायला घेतली. घासता घासता लक्षात आलं, सक्तीची रेघ मीच काढली होती. दुसरं टूल ती गुपचूप विसरलं होतं, हे तिसरं विसरलं नव्हतं. म्हणजे हेच घ्यायचं. हे सांगायला घरात कुणी असायला हवं होतं.

विहाराच्या समितीतल्या काकांना फोन करून विचारलं, एकटी बाई कुठे लिहायची?

"एकटीचं कसलं कुटुंब, बाई? भावाच्या घरात टाक तुझं नाव. बराबर होईल."

"भाऊ नाशकात राह्यतो, काका. वर्षातून एकदा येतो."

"मंग काय झालं? नाव तर लागंल ना."

मी फोन ठेवला आणि आकृतीत जोडीदाराच्या रेघेवरची सक्ती काढून टाकली. काकांना विचारलं नाही.

पुढे फॉर्म घरोघरी फिरले, यादी भरली. एकट्या माणसांची कुटुंबं वेगळी काढून पाहिली, तर माझ्याच गल्लीत माझ्याशिवाय आणखी दोन बायका निघाल्या. एक समोरच्या माडीवर राहते. तिला मी रोज कपडे वाळत घालताना बघते, नाव मात्र टेबलातून कळलं. तिचं दार वाजवून काय म्हणायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.