वगळलेलं प्रकरण

“नववं प्रकरण काढून टाका,” परब सर म्हणाले. पुस्तक प्रिंटला जायला चारच दिवस उरले होते.

घाटकोपरच्या एका लहान प्रकाशनसंस्थेत मी संपादक आहे. कथालेखक परब सरांचं आत्मचरित्र माझ्याकडे होतं. नववं प्रकरण त्यांच्या धाकट्या भावाचं, वसंताचं. सरांना कॉलेज करता यावं म्हणून वसंता शाळा सोडून विक्रोळीच्या कारखान्यात लागला. पुढे दारूत बुडाला, आणि दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून त्यातून बाहेरही आला. अख्ख्या पुस्तकात मला तेवढंच प्रकरण जिवंत वाटलं होतं.

“का काढायचं, सर?”

“त्याला आता सुना आहेत, व्याही आहेत. कशाला त्याची अब्रू काढू?”

“त्यांना विचारलंत?”

“असलं विचारायचं कसं गं?”

मी आमच्या बॉसकडे गेले. ते म्हणाले, “आयुष्य त्यांचं, निर्णय त्यांचा. पानं नीट लाव, बस.” पानं लावणं म्हणजे मजकूर काढल्यावर पुढचं सगळं सरकवून पृष्ठक्रमांक पुन्हा जुळवणं. ते केलं. दहावं प्रकरण नववं झालं. दोघा भावांचा चाळीतला फोटोही गेला.

मुलुंडला प्रकाशन झालं. कार्यक्रमानंतर एक किडकिडीत म्हातारे गृहस्थ खुर्चीत बसून पुस्तक चाळत होते. शेवटच्या पानापर्यंत गेले, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. मग उठून सरांकडे आले.

“दादा, ह्यात मी खंय आसंय?”

सर गडबडले. भावाला बाजूला घेऊन मालवणीतच हळूच म्हणाले, “अरे, तुझ्या दारूचा सगळा पुस्तकात इला असता.”

“इला असता तर काय झाला असता? सुटली, ता पण इला असता मां!”

वसंतांनी पुस्तक पिशवीत घातलं, भावाच्या पाया पडले आणि जेवायला न थांबता गेले.

दुसऱ्याच दिवशी सरांचा फोन. “दुसऱ्या आवृत्तीत ते प्रकरण घालायचंच.” मी हो म्हटलं. पण मराठी आत्मचरित्राची पहिली आवृत्ती संपायला वर्षं जातात. दीड वर्षाने वसंता गेले. तेव्हा गोडाऊनमध्ये निम्म्याहून जास्त प्रती पडून होत्या. सरांनी त्यानंतर दुसऱ्या आवृत्तीचा विषय काढला नाही.

आता कोणी लेखक आत्मचरित्रातून घरचं माणूस वगळायला सांगतो, तेव्हा मी त्या माणसाचा फोन नंबर मागते. बरेच जण देत नाहीत.